अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा

संगणकाने आजवर मला उद्देशून जे काही लिहिलं, त्यातलं सर्वांत मानाचं वाक्य म्हणजे 'परवानगीसाठी आपल्या नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.' आमच्या टू बीएचकेचा नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच. त्यामुळे वाचताक्षणी छाती फुगते. मग कळतं की परवानगी नाकारलीय, तीही मलाच. केबिनबाहेर अर्ज घेऊन मी ताटकळतोय आणि आत साहेब म्हणून मीच बसलोय. पुढे काय करायचं, हे दोघांनाही ठाऊक नाही.

प्रिंटर बाबांच्या खोलीत, त्यांच्या डेस्कटॉपला केबलने जोडलेला. माझा लॅपटॉप पलीकडच्या खोलीत. दुकानातल्या मुलाने डेस्कटॉप फॉरमॅट करून दिला आणि माझ्या प्रिंट्स बंद झाल्या. आधीचं सेटिंग कोणी केलं होतं, मला आठवत नाही. मीच केलं असणार, असं घरचे मानतात आणि मी तो समज मोडत नाही.

"पेनड्राइव्ह घे आणि जा की त्या खोलीत," बायको म्हणाली. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. आचाऱ्याला कोणी 'बाहेरून मागवू या' म्हणतं का?

नव्या विंडोजने आमच्या वायफायला 'पब्लिक' ठरवलं होतं. हा प्रकार स्टेशनवरच्या, हॉटेलातल्या वायफायसाठी. त्यात यंत्रं एकमेकांपासून लपून राहतात. मी ते 'प्रायव्हेट' केलं. नेटवर्क डिस्कव्हरी चालू केली, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू केलं, स्पूलर बंद करून पुन्हा सुरू केला. संगणकाचं नाव घेऊन हाक मारली, मग १९२.१६८ने सुरू होणारा आकडी पत्ता टाकून मारली. हे सगळं बायकोला ऐकू जाईल इतपत मोठ्याने पुटपुटत. २००९ साली विंडोजमध्ये खास घरांसाठी 'होमग्रुप' आला होता; एक पासवर्ड टाकला की सगळं घर जोडलेलं. २०१८ साली तो काढून टाकला. एकत्र कुटुंब त्यांनाही झेपलं नाही, एवढाच मला दिलासा.

अशा वेळी मला रिचर्ड स्टॉलमन आठवतो. मला तो वरचेवर आठवतो. प्रिंटरपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला मोठेपणाची आशा वाटावी, असा तो एकच. १९८०च्या सुमारास तो अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. कागद अडकणं त्याला थांबवता येईना, म्हणून त्याने प्रोग्रॅममध्येच फेरफार केला: कागद अडकला, की ज्यांच्या प्रिंट्स खोळंबल्यात त्यांना निरोप जाणार. गरजवंत स्वतःच उठून जाईल आणि कागद ओढेल! पुढे झेरॉक्स कंपनीने लेझर प्रिंटर भेट दिला. कागद त्यातही अडके, पण फेरफार करायला लागणारा त्याचा सोर्स कोड कोणी देईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता, त्याने 'कोणाला देणार नाही असं कबूल केलंय' म्हणून हात वर केले. स्टॉलमन चिडला आणि त्या चिडीचं पुढे तत्त्वज्ञान झालं. १९८३ साली त्याने 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. अडकलेल्या कागदातून चळवळ! मीही अनेक कागद अडकवले आहेत. चिडलोही आहे. चळवळ तेवढी व्हायची राहिली.

असो. शेवटी दोन्ही यंत्रांची नजरानजर झाली, तर लॅपटॉपने बाबांच्या खात्याचा पासवर्ड मागितला. बाबांच्या खात्याला पासवर्ड नाही. आणि पासवर्ड नसलेल्या खात्याने नेटवर्कवरून आत यायचं नाही, त्या यंत्रासमोर बसूनच काम करायचं, असा विंडोजचा मूळचाच नियम आहे.

"बाबा, तुमच्या कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवू या."

"कोणापासून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गेलो पेनड्राइव्ह घेऊन. इंकजेट तो, त्यातून फॉरमॅटनंतर आळसावलेला. पानं निघेपर्यंत बसणं आलं. बाबांनी वीजबिलांची फाइल काढली, मेमध्ये युनिट का वाढली ते समजावलं. मग पान पालटता पालटता विचारलं, "तुझ्या पाठीचं कसं आहे?" पाठ दुखते हे मी त्यांना कधी बोललो नव्हतो. मोबाइलवर मी या माणसाला रोज 'गुड मॉर्निंग'चा अंगठा पाठवतो, भिंतीपलीकडून. त्या खोलीत नीट बसलो मात्र किती दिवसांनी, याचा हिशेब करायचं धाडस झालं नाही.

पासवर्डशिवाय शेअर करण्याची सोयही सेटिंगमध्ये असते. ती कुठे असते, हेही मला ठाऊक आहे. पण मी तिला हात लावलेला नाही.

बायकोने परवा पुन्हा विचारलं, एवढा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणवतोस, तर पेनड्राइव्ह घेऊन का फिरतोस? म्हटलं, "सिक्युरिटी पॉलिसी आहे."

खोटं काहीच नाही त्यात. तो नियम सेटिंगमध्ये त्याच नावाखाली सापडतो.