चोक ओढणारे गृहस्थ

रविवारी सकाळी सातच्या पुढे-मागे पुण्यामुंबईतल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात डोकावलं, तर हे गृहस्थ सापडण्याची शक्यता बरीच असते. वय पंचावन्नच्या पुढे, अंगात कुठल्याशा मॅरेथॉनला फुकट मिळालेला टी-शर्ट, हातात पिवळं फडकं आणि समोर कव्हर काढून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी. शेजारच्या जागेत त्यांचीच दुसरी गाडी उभी असते, ऑटोमॅटिक, सहा एअरबॅगांची. ती धुवायला महिन्याच्या पगारावर एक मुलगा येतो, आणि तो येतो की बुट्टी मारतो याची गृहस्थांना खबरही नसते. पद्मिनीला मात्र परक्याचा हात लागत नाही. व्हीलकॅप पुसून झाल्या की गृहस्थ आत बसतात, चोक ओढतात आणि सेल्फ मारतात. गाडी नुसती खाकरते. पुन्हा मारतात, पुन्हा खाकरते. तिसऱ्या खेपेला सुरू झाली की ते खाली उतरतात, डोळे मिटून आवाज ऐकतात आणि मधूनच समेवर यावी तशी मान हलवतात. दहा मिनिटांनी इंजिन बंद, कव्हर परत वर. एवढ्यात गाडी फूटभरही पुढे सरकलेली नसते, पण गृहस्थ मात्र महाबळेश्वरला जाऊन आल्याइतके ताजेतवाने झालेले असतात.

लोक त्यांना मोटारींचे दर्दी म्हणतात, आणि तेही स्वतःला तसंच समजतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. या गृहस्थांना मोटारींचं फारसं वेड नाही. असतं, तर मोटारीचं जे मुख्य काम, म्हणजे माणसाला इथून तिथे नेणं, त्याबद्दल ते कधीतरी चार शब्द बोलले असते. त्यांच्या बोलण्यात गाव, रस्ता, मुक्काम यांतलं काहीच येत नाही. येतात त्या हाताला लागणाऱ्या वस्तू: स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गीअर, पुढची सलग सीट, खिडकीची ती छोटी त्रिकोणी काच, ओढायचा चोक, आणि बॉनेट उघडलं की खालची फरशी दिसेल इतकी मोकळीढाकळी जागा. १०८९ सीसी हा आकडा ते स्वतःच्या रक्तगटासारखा न विचारता सांगतात. ओढायचं, फिरवायचं, उघडायचं, मिटायचं, ही यादी गाडी चालवणाऱ्याची नाही, खेळणाऱ्याची आहे. पद्मिनी हे त्यांचं खेळणं आहे. साठीत माणसानं खेळणं घेतलं म्हणून कुणी भुवया उंचावू नयेत. फक्त घेणाऱ्यानंही त्याला ‘ऑटोमोबाइल हेरिटेज’ म्हणू नये, एवढीच माफक अपेक्षा.

या मताला दस्तुरखुद्द भारत सरकारचा पाठिंबा आहे. २०२१ साली केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी खास नियम केले. पन्नास वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. पण अशी गाडी रस्त्यावर आणायची कशासाठी, तर प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं यांसाठी. म्हणजे पेट्रोल भरायला जायची मुभा आहे, पण ते पेट्रोल जाळून मंडईत जायची नाही. खेळण्याची याहून चोख व्याख्या एखाद्या बालमानसशास्त्रज्ञालाही जमली नसती. आपल्या गृहस्थांची गाडी १९८२ ची असल्यामुळे तिला अजून पन्नाशी गाठायची आहे. ते वर्षं मोजताहेत. स्वतःच्या एकसष्टीची त्यांनी एवढी वाट पाहिली नव्हती.

दिवाणखान्यातलं काचेचं कपाट हा दुसरा पुरावा. त्यात बोटभर लांबीच्या धातूच्या गाड्या रांगेनं उभ्या असतात आणि प्रत्येकीची कुळकथा गृहस्थांना पाठ असते. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीनं १९३४ पासून ‘डिंकी’ नावानं गाड्या विकल्या. १९५३ मध्ये लेस्नीच्या ‘मॅचबॉक्स’ आल्या. १९५६ मध्ये कॉर्गीनं खिडक्यांना पारदर्शक काचा बसवून डिंकीच्या तोंडचं पाणी पळवलं. १९६८ मध्ये अमेरिकेतून हॉट व्हील्स आल्या आणि जमिनीवर ढकलली की सुसाट सुटणारी गाडी म्हणजे काय ते पोरांना कळलं. डिंकीचे काही जुने साचे पुढे कलकत्त्याला आले आणि त्यांतून ‘निकी’ नावाच्या गाड्या निघाल्या, हे सांगताना तर गृहस्थांचा आवाज कोहिनूर परत आल्यासारखा होतो. सगळं खरं आहे. पण या कपाटात काय नाही ते पाहण्यासारखं आहे. ज्या मराठी मध्यमवर्गीय घरांत हे गृहस्थ वाढले, तिथे डिंकी येणार कुठून? ती असायची बोटीवर नोकरी करणारा मामा लाभलेल्या एखाद्या मित्राकडे, आणि तीही लांबून बघायची. यांच्या वाट्याला आलेली वाहनं म्हणजे काडेपेटीला सोड्याच्या बाटलीच्या बुचांची चाकं लावलेली गाडी, काठीनं पळवायचा सायकलचा टायर, आणि जत्रेतली पत्र्याची मोटार, जिच्या कडेनं हमखास बोट कापायचं. यांतलं एकही कपाटात नाही. ज्याच्याशी खेळले ते कधीच उकिरड्यावर गेलं. जे नुसतं बघितलं ते आता साडेतीन-चार हजार मोजून काचेआड आलं.

संग्राहकांचा बाजारही या बाबतीत गृहस्थांच्याच बाजूचा आहे. रंग उडालेली, चाक निघालेली, म्हणजे एखाद्या पोरानं मनापासून वापरलेली गाडी तिथे कवडीमोल. आणि मूळ खोक्यातून बाहेरच न निघालेली गाडी अनमोल. ज्या खेळण्याशी कुणीही खेळलं नाही ते सर्वांत उत्तम खेळणं, असा हा न्याय. गंमत म्हणजे युद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी गाड्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहून गेली, आणि अशा गाड्या खोक्यात बसल्या बसल्या आपोआप तडकतात, त्यांचा भुगा होतो. पोराच्या हातून मोडायचं भाग्य ज्यांना लाभलं नाही, त्यांना रसायनशास्त्र मोडतं.

आता तिसरा पुरावा, आणि माझ्या मते तो सर्वांत भक्कम. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. केवढे मृत्युलेख आले! एक तरी गाडी संग्रहालयात ठेवा, अशी मागणीही झाली. पण गळा दाटून आला तो बहुतेक मागच्या सीटवर बसणाऱ्यांचा. पुढच्या सीटवरच्या माणसानं मे महिन्यात त्या इंजिनाच्या धगीशी बारा-बारा तास काढले होते. सिग्नलला गीअर अडकला की मागच्या हॉर्नांच्या गजरात खाली उतरून, बॉनेट उघडून, हातानं दांडी सोडवली होती. त्याला सँट्रो किंवा वॅगन-आर परवडली त्या दिवशी त्यानं मागे वळून पाहिलं नाही. हेच घरातही दिसतं. पितळी पंपाचा स्टोव्ह हे काही कमी दर्जाचं यंत्र नव्हतं. त्याला पंप होता, पिन होती, पेटवण्याचं कसब होतं, आवाज तर पद्मिनीपेक्षा भारदस्त होता. पण गृहस्थांच्या सौभाग्यवतींनी गॅस आला त्याच आठवड्यात तो मोडीत दिला, आणि बायकांनी रविवारी सकाळी स्टोव्हची रॅली काढल्याचं अजून ऐकिवात नाही. ज्यानं राबून वापरलं त्याला उमाळे येत नाहीत. ते येतात ज्याला बाजूला उभं राहून बघायला मिळालं त्याला. कुणी म्हणेल, कितीतरी टॅक्सीवाल्यांनी आपली गाडी लेकीसारखी सजवली होती, आरसे लावले होते, छताला फुलाफुलांचं कापड चढवलं होतं. होतंच. पण छताला कापड लावल्यानं गाडी अधिक भाडं मिळवत नाही. ती सजावट म्हणजे धंद्यातून वेळ काढून केलेला खेळच, आणि आठवण आलीच तर त्यांनाही त्या छताचीच येते, क्लचची नाही.

गृहस्थ यावर गप्प बसणारे नव्हेत. त्यांचा पहिला मुद्दा तोंडातून यायच्या आधी बोटांतून येतो. ते बॉनेटवर टकटक करतात. “ऐका! याला म्हणतात पत्रा. आताच्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे डबे.” पत्रा जाड आहे हे कबूल. पण गाडी चेपली नाही तर धक्का नाहीसा होत नाही, तो सरळ आत बसलेल्यापर्यंत पोचतो. म्हणूनच मर्सिडीजमधल्या बेला बारेनी या अभियंत्यानं पन्नासच्या दशकातच गाडीचे पुढचे-मागचे भाग मुद्दाम चेपतील असे बनवायचा विचार मांडला. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि बसणाऱ्याच्या रक्षणाची मुख्य व्यवस्था म्हणजे डॅशबोर्डवरचा गणपती. तरीही गृहस्थांचं म्हणणं एका अर्थी बरोबरच आहे. टेबलावरून पडली तर मोडते का, पायाखाली आली तर चेपते का, या कसोटीला पद्मिनी उत्तम उतरते. फक्त ही कसोटी कुठल्या वस्तूंना लावतात, ते त्यांनी कपाटाकडे बघून ठरवावं.

दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. जुनी गाडी माणसाला कळायची. पॉइंट घासले, प्लग साफ केला, कार्बुरेटर फुंकला की ती चालायची, आणि ते करणारा कारागीर तालुक्याच्या गावीही भेटायचा. आजची गाडी बिघडली की दिवा लागतो, आणि दिवा का लागला हे सांगायला कंपनीचा संगणक लागतो. आपल्याच मालकीची वस्तू आपल्याला उघडता येऊ नये, याची चीड रास्त आहे. पण कारागीर गावोगावी भेटायचा याचं अर्धं कारण असं, की गाडी गावोगावी बंद पडायची. खंडाळ्याच्या घाटात बॉनेटं उघडून पाणी ओतत उभ्या राहिलेल्या फियाटींची रांग हौसेनं लागत नव्हती. शिवाय आपले गृहस्थ स्वतः काही दुरुस्त करत नाहीत. ते नाना पेठेतून किंवा कुर्ल्याच्या भंगारबाजारातून एखादा ‘ओरिजिनल’ दिवा शोधून आणतात, आणि तो बसवताना सत्तरीतल्या मिस्त्रींना बॅटरीचा उजेड दाखवत उभे राहतात. त्या मिस्त्रींच्या हातात अजून काम आहे ते या गृहस्थांमुळे, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. त्यांच्या छंदाचा हा एकच भाग असा आहे, जो खेळ नाही.

राहता राहिला वारशाचा मुद्दा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, हा अभिमानाचाच इतिहास आहे. पण गाडीभोवती जी माया साठली तिचं श्रेय त्या कर्तबगारीइतकंच पुढच्या परमिटराजलाही द्यावं लागेल. १९६४ च्या सुमाराची इटालियन फियाट, सत्तरच्या दशकात तिचं पद्मिनी असं बारसं झालं, आणि किरकोळ फेरफारांनिशी तीच गाडी शतक संपेपर्यंत चालली. आजोबा, बाप आणि नातू या तिघांना एकच गाडी ओळखीची, असं भाग्य स्पर्धा असलेल्या बाजारात मिळत नाही. आणि ती ओळखीची होती, मालकीची नव्हे. मोटार सोडाच, बजाजच्या चेतकसाठीसुद्धा लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसत. नवी स्कूटर हवी तर ‘ऑन’ मोजा, नाहीतर बुकिंगची पावती देवघरात ठेवा. अशा घरातल्या पोराच्या डोक्यात वाहन म्हणजे काय, तर जे कधीतरी येणार आहे ते. आलं की त्याला पंक्चर होतं, हप्ते येतात, पावसात ते सुरू होत नाही, वडील किक मारमारून घामाघूम होतात आणि शिव्या देतात. येईपर्यंत मात्र ते निर्दोष असतं. आपल्या गृहस्थांनी रविवारच्या दहा मिनिटांत नेमकी हीच अवस्था जपून ठेवली आहे. पद्मिनी त्यांच्याकडे आली आहे, पण ते तिला अजून वाहन होऊ देत नाहीत.

अलीकडे हे गृहस्थ दुचाकीच्या शोरूममध्येही दिसू लागले आहेत. २०२० साली चेतक परत आली, विजेवर चालणारी, पण धातूच्या अंगाची. ते आत जाऊन आधी बोटांनी टकटक करतात. आवाज पसंत पडतो. मग सवयीनं स्कूटर एका अंगाला तिरपी करू लागतात, तर विक्रेता धावत येऊन सांगतो, “काका, त्याची गरज नाही, बटण दाबलं की झालं.” हे त्यांना फारसं आवडत नाही, तरी ते रंग बघतात, किंमत विचारतात, नातवाला फोटो पाठवतात. शेवटी खिशातून चष्मा काढून, जरा गंभीर होऊन विचारतात, “वेटिंग किती आहे?”

“वेटिंग कसलं काका, परवा घेऊन जा.”

“बघतो, विचार करून सांगतो,” असं म्हणून गृहस्थ बाहेर पडतात.