शुक्रवारचा रविवार

ओमानमध्ये रविवार शुक्रवारी येतो. साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी सगळे आपापल्या कामावर. म्हणून मस्कतच्या रुवी भागातल्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा शुक्रवारीच उरकतात. उरकतात म्हणजे काय, एका भाषेची मंडळी बाहेर पडतात न पडतात तोच दुसऱ्या भाषेची आत शिरतात. आमची दोन्ही मुलं तिथेच जन्मली. त्यांच्या लेखी देव शुक्रवारी घरी असतो आणि रविवारी पहिल्या तासाला गणित असतं.

त्यामुळे कोर्लईला बिऱ्हाड हलवल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी आमचा थोरला सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून ओटीवर येऊन उभा राहिला. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "कोण गेलं गं?"

रविवारी उलटा तमाशा. सगळं गाव मिस्सेला निघालेलं आणि धाकटी दप्तर पाठीला लावून दारात, स्कूलबसची वाट बघत. फादरांना ही हकिगत कळली तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "येऊ दे तिला दोन्ही दिवस. देवाची काही हरकत नसते."

खरं तर या किनाऱ्याला अशा घोळाची सवय असायला हवी. इथे बेने इस्राएल ज्यू होते. अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि ते किनाऱ्याला लागले, अशी त्यांची कथा. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेलीच म्हणत. मुरुडला हबसाणातून आलेल्या सिद्दी नवाबांचं संस्थान १९४८ पर्यंत होतं, त्यांचा शुक्रवार. आणि कोर्लईच्या किल्ल्याखाली आम्ही, रविवारवाले. म्हणजे बाहेरून आलेल्या प्रत्येकाने येताना आपली एक सुट्टी बरोबर आणली. आमचा प्लंबर या परंपरेचा खरा वारस. तिन्ही धर्मांचा मान राखून तो शुक्रवार, शनिवार आणि रविवार येत नाही. उरलेले चार दिवस त्याचे स्वतःचे.

आता आम्ही म्हणजे कोण, ते सांगून टाकते. नवरा कोर्लईचा, मी वसईची. कोर्लई म्हणजे मुरुड तालुक्याचं वरचं टोक. कुंडलिकेच्या मुखाशी डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलंय, त्यावर किल्ला, खाली गाव, पलीकडे रेवदंडा. पोर्तुगीज १५२१ च्या सुमारास चौलला ठाण मांडून बसले आणि १७४० मध्ये मराठ्यांनी त्यांना गाशा गुंडाळायला लावला. वसईचा किल्ला त्याच्या आदल्याच वर्षी चिमाजी अप्पांनी घेतला होता. मस्कतही १५०७ पासून १६५० पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. बंदरावरचे जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले त्यांचेच. थोडक्यात, माझा नवरा एका पोर्तुगीज किल्ल्याखाली जन्मला, त्याने दुसऱ्या पोर्तुगीज किल्ल्याखालची बायको केली आणि तिला घेऊन तिसऱ्या पोर्तुगीज किल्ल्यापाशी नोकरीला गेला. पोर्तुगिजांना तिन्ही ठिकाणांहून हाकलावं लागलं. आम्ही तिसऱ्या ठिकाणाहून आपखुशीने निघालो, एवढाच काय तो फरक.

आपखुशीने म्हणजे त्याच्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर चढलं तेव्हा आम्ही मस्कतमध्ये फोन धरून बसलो होतो. सासूबाईंचा फोन लागेना. लागला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की पत्रे उडाले, माड पडले, आपण ठीक आहोत आणि फोन चार्ज करायला लाइट नाही तेव्हा आता ठेवते. तो लाइट यायला आठवडे लागले. त्या काळात नवऱ्याच्या मनात "आता गावी परत जायचं" हे जे रुतलं, ते पुढे कित्येक महिने आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर रोज वाढलं जाऊ लागलं.

माझं म्हणणं साधं होतं. परत तू जाशील. मुलं परत कशी जाणार? ती तिथून आलेलीच नाहीत. आणि मी परत गेले तर वसईला जाईन, कोर्लईला नाही. पण "मायदेशी परतलेलं कुटुंब" म्हटलं की लोक चौघांनाही एकाच टोपलीत घालतात. विमानतळावर दिरांनी चौघांच्याही गळ्यात हार घातले. धाकटीने तिचा हार काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वेंडा." मस्कतला आमच्या शेजारी कोट्टयमचं कुटुंब होतं, मुलांचं बरंचसं बालपण त्यांच्याच स्वयंपाकघरात गेलं. नको असलेल्या प्रत्येक वस्तूला आमची मुलगी मल्याळममध्ये नकार देते.

यामुळे शाळेत प्रवेश घेताना गंमत झाली. शाळेचं नाव सांगत नाही. क्लार्क भला माणूस होता आणि दोष फॉर्मचा होता. त्याने मुलांचे जन्मदाखले हातात घेतले, सुलटे धरले, उलटे धरले आणि विचारलं, "हे कुठून वाचायचं?"

"अरबी आहे. उजवीकडून," नवरा म्हणाला. "खाली इंग्रजीत दिलंय."

"जन्मठिकाण?"

"मस्कत."

"तालुका?"

"तालुका नाही हो. ओमान."

"जिल्हा ओमान," असं पुटपुटत त्याने लिहिलं. "धर्म?"

"ख्रिश्चन."

"जात?"

"जात नाही. रोमन कॅथलिक."

त्याने पेन खाली ठेवलं. "दादा, रोमन म्हणजे रोमचे ना? मग मघाशी ओमान कशाला सांगितलंत?"

तेही निभावलं असतं, पण पुढचा रकाना मातृभाषेचा होता. नवरा म्हणाला, आमच्या घरात कोर्लईची पोर्तुगीज बोलतात. मी म्हणाले, मातृभाषा विचारलीय, पितृभाषा नाही. आमच्या वसईत कादोडी बोलतात. क्लार्कने थोरल्याला विचारलं, "बाळा, तू काय बोलतोस?" थोरल्याने त्या महाराष्ट्र शासनाच्या रकान्याकडे बघून प्रामाणिकपणे सांगितलं, "मल्याळम." रकाना दीड इंचाचा होता. शेवटी क्लार्कने तिघांकडेही न बघता "मराठी" असं लिहून टाकलं, आणि वाक्यभर मराठीही न येणारा आमचा मुलगा मराठी मातृभाषेचा विद्यार्थी म्हणून नोंदला गेला. तो क्लार्क पुढे खरा ठरला, हा भाग वेगळा.

बाकीच्या कागदांसाठी मुरुडच्या खेपा. बोर्ली, काशीद, नांदगाव करत यष्टी जाते. शनिवार-रविवारी मात्र काशीदला मुंबईच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो आणि यष्टीतली सगळी माणसं खिडकीतून त्या गाड्यांना एकमुखाने शिव्या घालतात. हा इथला सर्वधर्मीय कार्यक्रम. मुरुडच्या बाजारात थोरल्याने शहाळ्याचा भाव ऐकला, पन्नास, आणि घाबरून माझा पदर ओढला. तो रियालमध्ये मोजत होता. एका रियालला दोनशेच्या वर रुपये पडतात. नवऱ्याने तिथेच उभं राहून त्याला सांगितलं की १९७० पर्यंत ओमानमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला आखाती रुपयाच चालायचा. शहाळेवाल्याने तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला दोन विकली.

बक्षीस म्हणून मुलांना राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला नेलं. होडीवाला सांगत होता: अजिंक्य किल्ला, मराठ्यांना जमला नाही, इंग्रजांना नाही, पोर्तुगिजांना नाही. थोरल्याने किल्ल्यांच्या बाबतीत स्वतःला तज्ज्ञ ठरवलेलं आहे. त्याने विचारलं, "मग आता आत कोण राहतं?"

"आता कोणी नाही राहत."

"मग जिंकलं कोण?"

होडीवाल्याने शिडाची दोरी आवळायला घेतली.

नवऱ्याचं मात्र सगळं वेळापत्रकच चुकलं. मस्कतला बारा वर्षं हा माणूस कोर्लईच्या माशांची वर्णनं करत जेवला. मुत्रहच्या बाजारातली तासाभरापूर्वी उतरलेली सुरमई ताटात असायची आणि हा म्हणायचा, "ठीक आहे, पण गावची चव नाही." आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून आम्ही आलो जूनमध्ये. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद! होड्या किनाऱ्यावर झापांखाली झाकलेल्या. दोन महिने तो सुके बोंबील आणि जवळा खात होता आणि मुत्रहच्या दिशेने उसासे सोडत होता. मी एक शब्द बोलले नाही. लग्नात असे क्षण फार थोडे येतात, ते बोलून वाया घालवू नयेत.

"मुलांच्या पायाला माती लागली पाहिजे," हे त्याचं दुसरं ब्रीद. पावसाने ते लगेच मनावर घेतलं. मस्कतला वर्षाकाठी जेवढा पाऊस होतो तेवढा इथे जोर धरला की एका दिवसात होतो. तिथे आभाळ नुसतं गडगडलं की शाळेला सुट्टी. त्यामुळे पहिले काही दिवस मुलं सकाळी खिडकीतून बघायची आणि समाधानाने परत झोपायची. १६ जुलैला कार्मेल माउलीच्या दिवशी असा कोसळला की मिस्सेत फादरांचे ओठ हलताना तेवढे दिसत होते. महिन्याभरात मुलांच्या पायाला माती लागली, पायांवरून ती पांढऱ्या टाइल्सना लागली, आणि ब्रीदकर्त्याने रेवदंड्याहून पायपुसण्यांचा गठ्ठा आणला. मग इन्व्हर्टर आला. मग एसी. मग पाण्याचा फिल्टर. चुलतभाऊ फोन न करता घरात शिरतात याचं त्याला वाईट वाटू लागलं. मी म्हटलं, तो तुझा चुलतभाऊ आहे, त्याचं घर मागच्या दाराला लागून आहे, तो फोन करून येईल तर त्याचा आवाज दोन्हीकडून ऐकू येईल.

मुलांचं काही अडलं नाही. याला कारण सासूबाई. किल्ला सोडून पोर्तुगीज गेले त्याला पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, पण त्यांच्या भाषेत मराठी मिसळून जी बोली तयार झाली ती या एका गावात राहिली. गावचे लोक तिला नोउ लिंग म्हणतात, आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्यानंतरही अधूनमधून कोणी ना कोणी वही घेऊन गावात येतं. सासूबाईंना एकदा एका पाहुण्याने हळहळत सांगितलं की ही भाषा धोक्यात आहे. सासूबाई उठून परसात गेल्या, शेजारणीच्या बकरीने अळू खाल्लं होतं त्यावरून कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी पंधरा मिनिटं दणदणीत भांडण केलं, आणि परत येऊन पाहुण्याला चहा दिला.

धाकटी तिथेच उभी होती. सकाळ-संध्याकाळ तिची शिकवणी तीच: कोंबड्या हाकणं, बकऱ्या हाकणं, भावाला हाकणं. ख्रिसमसपर्यंत ती आजीच्या कुशीतून उठून आजीच्याच सुरात बोलू लागली. थोरला शाळेत मराठी आणि घरी ती भाषा, असा दुहेरी झाला. जानेवारीत शेतात पोपटी लागली तेव्हा वालाच्या शेंगा मडक्यात रचून वर भांबुर्ड्याचा पाला कोंबणाऱ्या पोरांत आमची दोघं कोणती, हे अंधारात मला ओळखता येईना. नवरा ओळखू आला. सगळ्यांत तोच एकटा खुर्ची घेऊन आला होता.

मी मात्र ठरवलं होतं की या भानगडीत पडायचं नाही. आम्ही वसईची माणसं, मराठीत मिस्सा ऐकणारी, 'सुवार्ता' वाचणारी. भांडायला आम्हाला आमची कादोडी पुरते. मुलांच्या कानावर ती पडावी म्हणून मी त्यांना रोज कादोडीत रागवायचे. ती ऐकून घ्यायची आणि आपापसात आजीच्या भाषेत माझ्यावर काहीतरी बोलून हसायची.

परवा वसईहून आईचा फोन आला. तिला केळीच्या घडांविषयी सांगायचं होतं. मी ऐकत होते आणि मागे ही दोघं एका उकडलेल्या अंड्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत होती. मी फोन कानाला तसाच ठेवून वळले आणि दोघांना एका दमात असं झापलं की अंडं आपोआप ताटलीत परत गेलं. ओटीवर सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवून बघितलं. फोनवर शांतता.

मग आई म्हणाली, "घरात कोणी माणसासारखं बोलणारं असेल तर त्याला दे जरा."

मी फोन नवऱ्याला दिला. तो अर्धा तास बोलला. मुत्रहला सुरमई किती ताजी मिळायची, यावर.