स्टारबक गेली कुठं?

वहिनी, आहात का? कढीपत्ता राहू दे, या इकडे कुंपणापाशी. काल ती अंतराळातली मालिका, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’, संपवली एकदाची. हो, तुमची २००९ सालीच पाहून झालीय, माहितेय. पण माझी झोप उडाली त्याचं काय?

ती वैमानिक कारा थ्रेस, स्टारबक हो. विमान डोळ्यांदेखत फुटलं. ताफ्याच्या म्हाताऱ्या सेनापतीनं, ॲडामानं, दुःखात स्वतःच्या हातचं गलबताचं मॉडेल फोडून टाकलं. आणि दोन महिन्यांनी बया हजर! वर म्हणते, सहाच तास झाले. विमान तर शोरूममधून काढल्यासारखं कोरं. कहर पुढंच आहे. उजाड ग्रहावर तिला जळकं विमान सापडतं, आत प्रेत, त्याच्या गळ्यात हिच्याच नावाचा बिल्ला. स्वतःची चिता स्वतः रचली हो पोरीनं! तो लिओबेन, माणसासारखी दिसणारी यंत्रं असतात ना, सायलॉन, त्यांच्यातला, एरवी हिच्या नशिबातलं सगळं ठाऊक असल्यासारखा बोलायचा, तोही धूम पळाला.

तिलाही सायलॉन म्हणावं, तर त्यांना मेल्यावर नवं शरीर मिळतं, कबूल. विमानाला कुठला आलाय पुनर्जन्म?

काहींनी तर तिचं कूळच शोधून काढलं. सायलॉनांचं सातवं मॉडेल डॅनियल, कलावंत मनाचा, त्यांच्यातल्याच कॅव्हिलनं त्याचा काटा काढलेला. काराचा बाप पियानो वाजवायचा आणि घर सोडून गेलेला. झालं, जुळलं नातं! आपल्या आळीत नवी सून आली की पहिलं काय विचारतात? ‘कुणाची गं ही?’ तसंच. मालिकेचा कर्ता रोनाल्ड मूर सांगून दमला की तसं काही मनातही नव्हतं. ऐकतंय कोण!

कारा देवदूत होती, हे तुमचं म्हणणंही मला पटत नाही, रागावू नका. त्या शास्त्रज्ञ बाल्टरला दिसणारी ती लाल झग्यातली बाई देवदूत, ठीक. ती चारचौघांना कुठं दिसायची? कारा तर सगळ्या ताफ्यासमोर वावरत होती, दारू ढोसत होती, नवऱ्याशी भांडत होती. देवदूताला प्रेत बघून घाम फुटतो का?

माझं विचाराल तर पोरीचं काम अडकलं होतं, म्हणून आली. बापानं शिकवलेल्या गाण्याचे सूर आकड्यांत बसवले, त्या आकड्यांवरून सगळ्यांना पृथ्वीवर पोचवलं आणि म्हणाली, झालं माझं. तिच्यावर जीव असलेला ली, ॲडामाचा मुलगा, बिचारा पुढचे बेत सांगत उभा. मागं वळून पाहतो, तर नुसतं गवत.