तीन लाखांच्या अलीकडे

सरकारी कचेरीला खुर्च्या कधी एकदम लागत नाहीत. सोमवारी वीस लागतात, गुरुवारी आणखी वीस लागतात आणि पुढच्या आठवड्यात साहेबांना साक्षात्कार होतो की अभ्यागतांनाही बसायला काहीतरी हवं. गरज वेगळी, फाईल वेगळी, आदेश वेगळा. आकडा मात्र दर वेळी तीन लाखांच्या हजार-दोन हजार अलीकडे येऊन थांबतो आणि पुरवठादार एकच निघतो. हा निव्वळ योगायोग असून तो बहुधा मार्चअखेरीस घडतो.

याचं श्रेय महाराष्ट्राच्या उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेला द्यायला हवं. तिच्यात ठरलं ते असं: खरेदी तीन लाखांच्या वर गेली की ई-निविदा, त्याच्या आत तीन दरपत्रकांवर काम भागेल. मोठी खरेदी चारचौघांत व्हावी, हा हेतू. चतुर मंडळींनी मोठी खरेदी करणंच सोडून दिलं!

ही तीन दरपत्रकं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावीत. तीन दुकानं, तीन पत्ते, पण टंकलेखनाची चूक तिन्हीकडे त्याच ओळीत. बाजारात याला ‘सपोर्टिंग कोटेशन’ म्हणतात. पहिला व्यापारी स्वस्त असतो. उरलेले दोघे त्याच्याहून बेतानं महाग असतात आणि काम न मिळाल्याबद्दल चकार तक्रार करत नाहीत. आपल्याला धंदा मिळू नये म्हणून लेटरहेड खर्ची घालणारे व्यापारी दुसऱ्या कुठल्या बाजारात सापडायचे नाहीत.

तुकडे पाडायला बंदी नाही असं कोणी समजू नये. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमावली २०१७ मध्ये नियम १५७ खास त्यासाठीच आहे: वरिष्ठांची मंजुरी किंवा निविदेची पद्धत चुकवण्यासाठी मागणीचे छोटे छोटे भाग करू नयेत. करू नयेत, एवढंच. केले तर काय, यावर हा नियम घरंदाज मौन पाळतो. पुढे लेखापरीक्षणात परिच्छेद निघतो, खुलासा मागवला जातो, खुलाशाला मुदतवाढ मिळते आणि परिच्छेद लोकलेखा समितीपुढे पोचेपर्यंत साहेबांचं निवृत्तिवेतन सुरू झालेलं असतं.

मग कायदाच का करत नाहीत? करत होते की. सार्वजनिक खरेदीचं विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत आलं होतं, त्यात शिक्षेचीही सोय होती. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि त्याबरोबर विधेयकही निकालात निघालं. खरेदीत ज्याला ‘तातडीची बाब’ म्हणतात, ती ही नव्हती. तमिळनाडूनं १९९८ मध्ये आणि कर्नाटकानं १९९९ मध्ये स्वतःचे कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्याला कलम ४ (जी) आहे. त्याखाली सरकारला अधिसूचना काढून एखादी खरेदी निविदेतून वगळता येते. कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगली. महाराष्ट्रानं त्या भानगडीत न पडता नियमपुस्तिकेवरच समाधान मानलं आहे.

आणि तातडी म्हणाल, तर तिच्यासारखी सोय नाही. जूनमध्ये पाऊस पडतो, ही खबर काही कार्यालयांना दर वर्षी जूनमध्येच लागते. मग पाणी उपसायचे पंप सापडतील तिथून, सांगतील त्या भावानं आणायचे आणि कागद सवडीनं रंगवायचे. या सवडीला ‘कार्योत्तर मंजुरी’ असं भारदस्त नाव आहे. लग्न आधी, मुलगी बघायचा कार्यक्रम नंतर. त्या कार्यक्रमात मुलगी नापसंत पडल्याचं फारसं कानावर येत नाही.

हल्ली मर्यादाच वाढवा, असा सूर कचेऱ्यांतून ऐकू येतो. कारण महागाईचं देतात आणि त्यात तथ्य आहे. एका खरेदीच्या सात फायली करायच्या तर सातपट कागद, पुठ्ठे, लेस आणि शाईचे पॅड लागतात. तीही खरेदीच करावी लागते, रीतसर तीन दरपत्रकं मागवून.