वादळाला नवं इंजिन

गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही चिमुकली, फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्‌स कार. इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, ताकद जेमतेम ६० अश्वशक्ती. तिला नागपुरात दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायचा बेत कागदावर झकास दिसतो. कागदावर मे महिना नसतो. ४५ अंशांत, सिग्नलला उभ्या गाडीचा रेडिएटर उकळू लागला की वाढीव अश्वशक्ती दिसते ती वाफेत. शिवाय ब्रेक, गिअरबॉक्स, माउंटिंग सगळं जुन्या साठांच्याच मापाचं. म्हणजे बदलायला घेतलं इंजिन आणि मूळचं उरलं बॉनेट.

यावर उत्तर ठरलेलं: सुटे भागच मिळत नाहीत, मग काय अंगणात ठेवून हळदकुंकू वाहायचं? मुद्दा रास्त आहे. हिंदुस्तान मोटर्सनेही काँटेसाला पुढे इसुझूचं इंजिन दिलंच की! पण तो बदल कारखान्याचा होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मालकाला तेवढी मोकळीक देत नाही. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेजचा मान दिला, तोही मूळ रूप राखलं तरच. आणि ते नियम आले तेव्हाचे मंत्री नागपूरचेच खासदार, त्यामुळे ‘दिल्लीवाल्यांना काय कळतंय’ म्हणायचीही सोय उरली नाही.