वशिल्याचा पेंग्विन

लॅपटॉपने मला दहा सेकंदांची मुदत दिली होती आणि ती मी चहात घालवली.

माझ्या लॅपटॉपमध्ये एका घरात दोन चुली आहेत. विंडोज आयकर आणि बँकेसाठी, लिनक्स माझ्या समाधानासाठी. दोघांत भांडण नाही, पण घड्याळावरही एकमत नाही. आतलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं असं लिनक्स धरून चालतं, विंडोज ते भारताच्या वेळेचं समजतं. त्यामुळे सकाळी अकराला विंडोज उघडलं की बराच वेळ ते पहाटेचे साडेपाच दाखवतं. लवकर उठल्याचं हे समाधान मी मुद्दामच दुरुस्त केलेलं नाही.

दुरुस्त करावं लागलं ते वायफाय. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर घातला, तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल म्हणालं, याच्यावर ओळखीची सही नाही. भाच्याला फोन लावला. "मामा, तू सिक्युअर बूट बंद करून टाक ना," तो म्हणाला. त्याच्या वयाला सगळं बंद करून टाकणं सोपं वाटतं.

बंद केलं. लिनक्स खूश. विंडोजने मात्र 48 आकडी किल्ली मागितली. त्याचाही दोष नाही. तिकडची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद, आणि ते कुलूप उघडणाऱ्या चिपच्या लेखी कडी काढलेलं घर म्हणजे दुसऱ्याच कुणाचं तरी घर. फोनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किल्ली सापडली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ही वाचत होती, मी दाबत होतो. पाचव्या गटाला तिने विचारलं, "एकाच चुलीवर भागत नाही का?" मी मान वर केली नाही.

मग कडी परत लावली आणि आधी करायला हवं होतं ते केलं, प्रकरण समजून घेतलं. सिक्युअर बूट 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर घरोघरी पोचलं. मदरबोर्डजवळ ओळखीच्या सह्यांचे नमुने असतात. लॅपटॉप सुरू होताना जो पहिला आत येऊ पाहतो, त्याची सही जुळली तरच दार उघडतं. विचार रास्त आहे. घर जागं होण्याआधी शिरलेला चोर नंतर कुणालाच दिसत नाही. अडचण एवढीच, की बहुतेक लॅपटॉपांत हे नमुने मायक्रोसॉफ्टच्या सह्यांचे. त्यावर मॅथ्यू गॅरेट यांनी 2012 मध्ये शिम नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. शिम म्हणजे पाचर, डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सुतार सरकवतो ती. सही फक्त पाचरीवर घ्यायची. पाचर लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबची ओळख पटवते, ग्रब कर्नलची, कर्नल ड्रायव्हरची. म्हणजे स्वातंत्र्याच्या घोषणा देणारा आमचा लिनक्सचा पेंग्विन घरात शिरतो तो समोरच्या पक्षाच्या साहेबांची चिठ्ठी दाखवून. खासदाराच्या कोट्यातून गॅस मिळवलेल्या माझ्या पिढीला हे शिकवावं लागत नाही.

चिठ्ठ्या रद्दही होतात. ग्रबच्या जुन्या आवृत्त्यांत भोकं सापडली होती, म्हणून 2024 च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या अपडेटबरोबर त्यांना दार बंद झालं. पण फटका दोन चुलींच्या कितीतरी घरांना बसला. लिनक्स सुरू करायला जावं तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर: काहीतरी फारच बिघडलं आहे. पूर्वी गावाहून तार यायची, 'परिस्थिती गंभीर, ताबडतोब निघा', त्याच वळणाचा. कुणाची परिस्थिती, हे तिथे पोचल्यावर कळायचं.

माझा ड्रायव्हर मात्र घरीच शिजवलेला. त्याला चिठ्ठी कोण देणार? तर मी. याला मॉक म्हणतात, यंत्राच्या मालकाची किल्ली. 'मालक' हा शब्द या लॅपटॉपने माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला. एक पासवर्ड ठरवायचा, लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा, निळा पडदा आला की दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबायची. मी आलं किसत होतो. कप घेऊन परतलो तर लिनक्स निमूट सुरू झालेलं, वायफाय नाही, अर्ज निकाली.

राग आला. मग लक्षात आलं, की त्या घटकेला पडद्यासमोर खरोखरीचा माणूस आहे का, एवढंच त्याला पाहायचं असतं. आत शिरलेला भामटा प्रोग्राम स्वतःच स्वतःला चिठ्ठी लिहून देईल, पण ती कळ दाबायला त्याला बोट नाही. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला देतो, तसंच हे. तिथे निदान दहा सेकंदांहून जास्त वेळ देतात.

दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून केलं आणि जागचा हललो नाही. दाराची बेल वाजली, वाजू दिली. कळ दाबली, पासवर्ड दिला, वायफाय आलं. विंडोज रुसलं तर नाही ना, म्हणून तेही उघडलं. किल्ली मागितली नाही. पहाटेचे साडेपाच वाजले होते. मी आलं किसायला घेतलं.