लगामचर्वण-मीमांसा

कोवळ्या घोड्याच्या तोंडात कडियाळे घातले, पाठीवर स्वार बसला, की घोडे ते लोखंड चघळू लागते. जीभ खालीवर करते, जबडा वाकडा करते, मान झटकते. असे का, हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. पण विद्वानांच्या तावडीत सापडलेला प्रश्न क्षुल्लक राहत नाही. कझाकस्तानातल्या बोताई येथे इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास घोड्यांना लगाम होता की नव्हता, हा वाद तिथे सापडलेल्या दाढांच्या झिजेवरून रंगला आहे. एका पक्षाला ती झीज लगामाची वाटते, दुसऱ्याला नैसर्गिक. साडेपाच हजार वर्षांपूर्वी एखाद्या घोड्याने वैतागून दोरी चावली असेल-नसेल. त्यावर आज कोणाची तरी प्राध्यापकी उभी आहे.

घोडे चघळते का, या मूळ प्रश्नावर पूर्वपक्ष दंतवाद्यांचा: दोष दातांचा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी घोड्याचा ओठ अंगठ्याने वर करते आणि दात पाहून वय ठरवते. दुधाचे दात साधारण अडीचाव्या वर्षी पडू लागतात, ते साडेचारापर्यंत चालते. दाढांचीही अदलाबदल याच काळात. आणि नेमक्या याच वयात आपण त्याला स्वारीला घेतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते, तिथे कडियाळे बसते. ही सोय निसर्गाने स्वारासाठीच ठेवली, असे मानणारे स्वार पुष्कळ भेटतात. घोडा एकही नाही. त्यातून पहिल्या दाढेपुढे काही घोड्यांना एक बारीक, बिनकामाचा दात येतो. त्याला लोखंड लागले की मान वर गेलीच म्हणून समजावे.

जिव्हावाद्यांचे म्हणणे वेगळे. घोड्याची जीभ मुळातच तोंडभर. तिथे पाहुण्याला जागा कुठली? त्यांचा आद्य आचार्य ग्रीक झेनोफन. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या आपल्या अश्वविद्येच्या ग्रंथात तो सांगतो, की कडियाळे ताठ नसावे, मधे लहान कड्या लोंबत असाव्यात. घोडे जिभेने त्या शोधत बसते आणि कडियाळे दातांत धरायचे विसरते. थोडक्यात, चघळणे बंद करू नये, त्याला कामाला लावावे. हलके चघळणे हे सैल जबड्याचे लक्षण, हे आजचे शिक्षकही मानतात. दात करकरणे आणि जीभ कडियाळ्यावरून काढणे ही मात्र तक्रार.

आता सिद्धान्त. तेच घोडे सैल लगामावर चालवा, बहुधा गप्प असते. दुडकीवर घ्या, लगाम आखडा, की चर्वण सुरू. म्हणजे घोडे पेंड खाते ते लगामाच्या दुसऱ्या टोकाला. पाठीवरचे ओझे सांभाळत तोल कसा राखायचा, हे त्याला अजून उमगलेले नसते; आणि वरचे ओझे स्वतःचा तोल लगामाला लटकून सांभाळत असते. प्रत्येक हिसका जबड्यात पोचतो.

यावर पुष्कळ स्वार नाकपट्टी आवळतात. तोंड मिटते, मग शेपूट बोलू लागते. त्यापेक्षा पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत, कडियाळ्याचे माप पाहावे, आणि तरीही चघळणे थांबले नाही तर स्वार बदलून पाहावा. प्रयोग अत्यंत स्वस्त आहे. फक्त तो सुचवणाऱ्याने चाबकाच्या टप्प्याबाहेर उभे राहावे.